बेटावरून आलेलं बोलावणं

माझ्या सासूला माहेर होतं. तिथं जायला होडी लागायची आणि होडीच्या आधी बोलावणं लागायचं. होडी कुणीही दिली असती. बोलावणं एकट्या भावाच्या हातात होतं, आणि भावाला ते वर्षानुवर्षं जमलं नाही.

सासूचं नाव द्वारकाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. पिंपळीत आमची पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागल्यामुळं गावात मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते काही फार खोटं नाही. आत्या माझ्या उलट. एखादी बाई दळण जाड आलं म्हणून तणतणत आली की आत्या चिमूटभर पीठ बोटांवर चोळून बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, "पीठ चांगलं हाय गं, तुझा तवा बघ." बाई गप घरी जायची. मला ते कधी जमलं नाही.

अशा बाईचा एकच हट्ट होता. बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही. लेक माहेरी जाते ती मूळ आल्यावर, म्हणजे भाऊ नाहीतर भाचा न्यायला आल्यावर. आपल्या पायानं उठून गेली तर ती पाहुणी नाही, मागती झाली. हे आत्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. आई गेली, घर गेलं, आख्खं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, पण ही शिकवण काही बुडाली नाही.

त्या गावातलं एक टेकाड तेवढं वर राहिलं. धरण भरलं तसं चारी बाजूंनी पाणी आलं आणि टेकाडाचं बेट झालं. त्यावर आत्यांच्या वडलांचं वावर होतं. माती कमी, दगड जास्त, म्हणून सरकारनंसुद्धा ते घेतलं नाही. पुनर्वसनाची जमीन कळसजवळ मिळाली. तिथं आत्यांचा धाकटा भाऊ गेणबा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, बिऱ्हाड घेऊन गेले. पिंपळीहून कळस म्हणजे मोटारसायकलीवर तासाभराचा रस्ता. माणूस भेळ खायलासुद्धा तेवढं लांब जातो.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीची नागपंचमी मला आठवते. आत्यांनी दुपारच्या आत सगळी कामं उरकली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि दारात तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ किलोभर, निवडले दिवे लागेपर्यंत. मग उठून आत गेल्या आणि साधं लुगडं नेसून भाकरी थापायला बसल्या. मला वाटलं, सणाचं नेसायची हौस असेल. रात्री नवरा म्हणाला, "दरसालचं हाय. मामाची वाट बघती. तू काय बोलू नगंस." मी नवी होते, म्हणून बोलले नाही. पुढं जुनी झाले तरी बोलले नाही, कारण बोलून त्या भावाच्या पायात चपला थोड्याच गेल्या असत्या?

आता भाऊ का येत नव्हता, तेही सांगते. वडील वारल्यावर गेणबामामा आले, आत्यांना इंदापूरला घेऊन गेले, हॉटेलात भजी खाऊ घातली आणि कळसची जमीन आणि हे बेट, दोन्हीवरचा हक्क सोडल्याची सही घेतली. आमच्या भागात बहुतेक बहिणी अशी सही देतात. देणारीला कोणी शहाणी म्हणत नाही, न देणारीला मात्र सगळे वाईट म्हणतात. आत्यांनी बदल्यात काही मागितलं नाही. "माझं माहेर तेवढं उघडं ठेव," एवढंच म्हणाल्या. मामा व्हय म्हणाले, आणि काही वर्षं ते पाळलंही. पंचमीला गाडी यायची, आत्या चार दिवस कळसला राहून, होडीनं टेकाडावर पाय लावून यायच्या.

मग माझे सासरे गेले. दुखवट्याला मामा आले, बहिणीच्या खांद्यावर लुगडं ठेवलं आणि जेवायला न थांबता निघून गेले. ते शेवटचं. नवरा नसलेली बहीण माहेरी आली की परत कधी जाईल याचा भरवसा नाही, असं मामींनी तिकडं शेजारणीला सांगितलं होतं. ती शेजारीण आमच्याच गावची लेक निघाली, त्यामुळं ते आम्हाला कळलं. मामी पुढं वारल्या तेही आम्हाला असंच तिसऱ्याकडून कळलं. आत्यांनी त्या दिवशी आंघोळ केली, सुतक पाळलं आणि कोणी विचारलं तर म्हणाल्या, "माझा भाऊ कामाच्या रगाड्यात हाय. सांगायचं ऱ्हाऊन गेलं आसंल." माहेराला नाव ठेवू द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट.

मागच्या पावसाळ्यात गिरणीवर आमच्या बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. एकीच्या फोनवर काहीतरी आलं म्हणून तिनं ते मोठ्यानं लावलं. आधी सनई वाजली, मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "ये बाई, माहेरी ये. लई दिस झालं. भाऊ काठावर हुबा हाय, नाव लावून ठेवलीया. येताना काय बी आणू नगंस, नुसती तू ये." मग परत सनई, आणि एक तरुण आवाज सांगायला लागला, 'एक दिवस माहेरी', उजनीच्या निवांत बेटावर, झोका, मेंदी, पुरणपोळी, ओटीभरण, बुकिंग चालू.

आत्या कोपऱ्यात चाळणीला जाळी बसवत होत्या. त्यांच्या हातातली चाळणी तशीच राहिली. "परत लाव गं," म्हणाल्या. तिनं परत लावलं. आत्यांनी पदर तोंडाला लावला. आवाज गेणबामामांचा होता. तरुण आवाज मामांच्या पोराचा, राजवर्धनचा. ज्या टेकाडावर दगडांशिवाय काही नव्हतं तिथं या पोरानं झोके टांगून माहेर विकायला काढलं होतं. मला एवढा राग आला की मी गिरणीची मोटार बंद केली.

"आत्या, ही जाहिरात हाय," मी म्हटलं. "बारामतीतल्या समद्या बायकांच्या फोनवर आली आसंल."

"आसू दे की. आवाज कुणाचा हाय?"

"मामांचाच हाय, पर..."

"मग झालं. बाप्या माणसाला मोठेपणा आडवा येतो. तोंडावर यायला लाजला, म्हून फोनवरनं म्हणला."

"आन् बाकीच्या बायकांना पण भाऊ म्हून म्हणला का?"

"बाकीच्या काय त्याच्या भैनी हायत?" आत्या शांतपणे म्हणाल्या. "त्यास्नी कसं लागू व्हईल ते? मूळ ज्याचं त्यालाच लागतं."

मी रात्री नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला समजावा. तो म्हणाला, एवढ्या वर्षांनी हसलीय, मी न्हाय समजावणार. पुरुष असे वेळेवर हळवे होतात आणि निस्तरायला बायकांना ठेवतात.

गटातल्या बायकांचं जायचं ठरलं. आत्यांचं नाव मी त्यातच घातलं, पण आत्यांना ते मान्य नव्हतं. "तुमी सहलीला चाललाय. मला मूळ आलंय," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, कारण गेणूला लहानपणी त्याच आवडायच्या. भाचेसुनेला खण घेतला. फोनवर भाऊ म्हणाला होता काही आणू नकोस, तर म्हणाल्या, "ते म्हणायचं आसतं."

भिगवणवरून पुढं गाडी काठाला गेली. लियाकत नावाचा होडीवाला होता, पन्नाशीचा, अंगानं किडकिडीत. त्यानं सगळ्यांना नारंगी जाकिटं दिली. आत्यांनी ते घालायच्या आधी त्याला विचारलं, "मला न्यायला गेणबानं धाडलंय न्हवं तुला?"

लियाकत दिवसाला अशा किती बायका नेत असेल. तो सवयीनं म्हणाला, "व्हय आजी, तुमच्यासाठीच थांबलोय." आत्यांनी माझ्याकडं बघितलं. काय सांगत होते तुला, असं ते बघणं होतं.

पाणी संथ होतं. लांब बगळे आणि ते गुलाबी पाय असलेले पक्षी उभे होते. बायका फोटो काढत होत्या. लियाकतनं एका जागी इंजिन बारीक केलं आणि म्हणाला, "हितं देवळाचा मळा हाय खाली. झाडांची खोडं लागत्यात." होडीवाले अजून पाण्याला खालच्या शेतांच्या नावानं ओळखतात. आत्या कडेला हात टाकून पाण्यात बघत होत्या. "आमची वाट हितनंच जायाची," म्हणाल्या. खाली काही दिसत नव्हतं, नुसतं हिरवट पाणी. पण चेहरा असा की मी पहिल्यांदा मनात म्हटलं, देवा, त्या म्हाताऱ्याला आज तरी अक्कल दे.

बेटावर कमान केली होती, झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा. स्पीकरवर सनई. होडीतून उतरलेल्या बायकांची रांग लावली. दारात राजवर्धनची बायको राजलक्ष्मी नऊवारी नेसून उभी, प्रत्येकीवरून भाकरतुकडा ओवाळायची, कुंकू लावायची. आत्यांचं कपाळ बघितलं, तिचा हात थांबला आणि ती सरळ माझ्याकडं वळली. भाचेसून ती, पण तिला काय माहीत कोण आहे ते.

पुढं बाकड्यावर गेणबामामा बसले होते. गुलाबी फेटा, नवं धोतर, डोळ्याला चष्मा. समोर आलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आलीस बाई? लई वाट बघायला लावलीस." बाई वाकून नमस्कार करायची, फोटो व्हायचा, पुढची यायची. मी आत्यांना ओढून पुढं न्यायला लागले. म्हटलं, तुमचा भाऊ आहे, रांग कसली लावता?

"ऱ्हाऊ दे गं," आत्या म्हणाल्या. "समद्या लेकीबाळी हायत. वेळ लागला म्हून काय झालं."

त्यांचा नंबर आला. मामांनी न बघताच डोक्यावर हात ठेवला. "आलीस बाई? लई वाट बघायला लावलीस."

"मी न्हाय रं गेणू, तूच लावलीस," आत्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

त्या म्हाताऱ्यानं हात असा काढला, जसा काही तव्यावर पडला होता. चष्म्यातून बघितलं. मला वाटलं आता उठेल, मिठी मारेल, निदान रडेल. तो म्हणाला, "द्वारके? तू कशाला आलीस? कुणी आणलं तुला?"

मागच्या बाया थांबल्या होत्या. आत्यांचं रडं एकदम बंद झालं. "मूळ आलं म्हून आले," त्या म्हणाल्या. "तुझाच आवाज हुता."

"आगं, ते पोरानं बोलाय लावलं. गिऱ्हाइकासाठी हाय ते." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "बस तितं सावलीला. गर्दी हाय."

आत्या सावलीला बसल्या. पोळ्यांची पिशवी मांडीवर. मी शेजारी बसले. म्हटलं, उठा, आपण लियाकतला सांगून परत जाऊ. त्या म्हणाल्या, "बायकांचं जेवाण व्हायचंय. त्यांचा दिस नासवू नगं." बायका झोक्यावर बसल्या होत्या, माहेरच्या गाण्यावर फेर धरत होत्या, आणि त्या टेकाडाची खरी माहेरवाशीण बाभळीच्या सावलीत गिऱ्हाइकासारखी बसली होती. तिथं पाच मिनिटं बसून मला माणसांचा वीट आला.

तेवढ्यात राजवर्धन धावत आला. आमच्या गटातल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो आत्यांच्या पाया पडला, तोंडभर हसला. मला क्षणभर बरं वाटलं.

"आत्या, तुमी सांगायचं तर खरं. एवढ्या वर्सांनी भैन-भाऊ भेटत्यात, आन् आमी शूट नाय केलं." तो मागं वळून कॅमेरावाल्याला म्हणाला, "परत घेऊ. आत्या, तुमी फकस्त एकदा होडीत जाऊन परत उतरा. आबा पुढं येत्याल, हात देत्याल. जसं मगा रडलासा, तसंच."

मी उठले. माझ्या तोंडात जे जे आलं ते मी त्याला ऐकवलं. इथं लिहीत नाही. तो हसतच राहिला. कातडं जाड असल्याशिवाय असले धंदे होत नसावेत. पण आत्यांनी माझा हात धरला आणि खाली बसवलं. त्या भावाकडं बघत होत्या. गेणबामामा बाकड्यावरून उठून काठाकडं निघाले होते, पोरानं सांगितलं म्हणून, फेटा नीट करत.

"जाऊ दे गं मला," आत्या म्हणाल्या. "तो हात द्यायला चाललाय."

आणि त्या गेल्या. सत्तरीची बाई, गुडघे धरलेली, लियाकतच्या आधारानं होडीत चढली आणि परत उतरली. मामांनी पुढं होऊन हात दिला. कॅमेरावाला म्हणाला, ऊन तोंडावर येतंय. परत चढल्या, परत उतरल्या. कॅमेरावाला म्हणाला, आजोबा, जरा जवळ घ्या. लियाकतनं मान खाली घातली होती. तो वल्ह्याकडं बघत होता.

तिसऱ्या खेपेला मामांनी नुसता हात दिला नाही. आत्यांना जवळ ओढलं, त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं, डोळे पुसले आणि कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. आत्यांनी मान हलवली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या, आमच्या गटातल्या दोघी-तिघी रडल्या. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरले. म्हटलं, काही झालं तरी पाठचा भाऊ आहे, आतून हललाच शेवटी.

जेवण झालं. राजलक्ष्मीनं या वेळी आत्यांची ओटी भरली, कारण कॅमेरा चालू होता. आत्यांनी तिला खण दिला, भावाच्या हातात पोळ्यांची पिशवी दिली. मामांनी ती बाकड्याखाली ठेवली. होडी निघाली तेव्हा ते काठावर उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होते. लियाकत म्हणाला, हे ते दर फेरीला करतात.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर मी आत्यांना विचारलं, "मामा कानात काय म्हणलं?"

आत्या बेटाकडं पाठ करून बसल्या होत्या. मग इंजिनाच्या आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "म्हणला, आता कायदा भैनींच्या बाजूनं झालाय म्हणत्यात, पर तू सही दिलीयास. ध्यानात ठेव."

मी होडी परत वळवायला सांगणार होते. आत्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काठ येईपर्यंत काढला नाही.

तो व्हिडिओ गणपतीच्या आधीच सगळीकडं फिरला. सनई लावलेली, आणि खाली अक्षरं, 'माहेर कधी विसरत नाही'. बारामतीपासून बावड्यापर्यंत सगळ्या बायकांनी तो बघितला. मामा कानाशी वाकतात तिथं चित्र हळू केलंय. त्याखाली बायकांनी लिहिलंय, भावानं काय सांगितलं असेल, नशीबवान आहे बाई, मला असा भाऊ असता तर. राजवर्धनची होडी आता दिवसाला जास्त फेऱ्या मारते, असं ऐकते. आम्हाला त्यानं साधा फोन केला नाही.

दळणाला येणाऱ्या बायका मात्र आत्यांना सोडत नाहीत. लांबच्या गावाच्यासुद्धा मुद्दाम येतात, डबा खाली ठेवतात आणि विचारतात, "आजी, तुमीच न्हवं त्या बेटावरच्या? खरं सांगा, भाऊ कानात काय म्हणला?"

मी पट्ट्यापाशी उभी असते. माझ्या तोंडावर सगळं आलेलं असतं. आत्या माझ्याकडं एकदा बघतात, म्हणून मी गप्प राहते. मग त्या समोरच्या बाईच्या डब्यातलं धान्य हातानं सारखं करतात आणि म्हणतात,

"काय म्हणायचा? सुखात ऱ्हा म्हणला."